हिरो म्हणतो, मला घरी जायचंय

गेल्या अंकात आपण सुट्टीत घरी बसून बघायला 'द हॉबिट: ॲन अनएक्स्पेक्टेड जर्नी' हा २०१२ चा पिक्चर सुचवला होता, त्यावर पत्रं आणि व्हॉट्सॲप मिळून एवढं आलंय की सगळं छापायचं तर बाकीच्या सदरांना सुट्टी द्यावी लागेल. त्यातले थोडे प्रश्न घेतलेत. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट एवढीच: बिल्बो बॅगिन्स नावाचा खाऊनपिऊन सुखी हॉबिट, म्हणजे एका बुटक्या जमातीतला गडी, त्याच्या घरात गँडाल्फ जादूगार तेरा दाढीवाले ड्वार्फ, म्हणजे दुसऱ्या जमातीतले बुटके, आणून घुसवतो, आणि स्मॉग ड्रॅगननं बळकावलेला त्यांचा डोंगर परत मिळवायला तू पण चल म्हणतो. बिल्बो नको म्हणतो.

प्रश्न (राजारामपुरी): दादा, तुमच्या भरवशावर अख्खं घर टीव्हीपुढं बसवलं. हिरो करार वाचून चक्कर येऊन पडतो, निघाल्यावर रुमाल विसरला म्हणून सगळ्यांना थांबवतो, आणि पुढं तर रात्री गुपचूप पळून चाललेला असतो. सासरे म्हणाले असला कसला हिरो? काय सांगू त्यांना?

उत्तर: वहिनी, सासऱ्यांना महाभारतातल्या विराटपर्वातला राजपुत्र उत्तर आठवतोय का विचारा. बायकांपुढं बढाया मारून निघाला आणि कौरवांची सेना दिसल्याबरोबर रथातून उडी टाकून पळत सुटला, बृहन्नडेनं धरून आणला म्हणून. म्हणजे घाबरणारा गडी आपल्याला काय नवा नाही. फक्त उत्तराच्या रथात साक्षात अर्जुन होता, लढाई त्यानं मारली. बिल्बोला ऐनवेळी कोणी नसतं. आणि त्यानं बढाई पण मारलेली नसते, उलट ड्वार्फांचा पुढारी थोरिनच त्याला बघून म्हणतो की हा चोर कमी आणि किराणा दुकानदार जास्त दिसतोय.

आता तो गुहेतला सीन परत लावा. तिथं राहणाऱ्या गॉलम नावाच्या प्राण्याबरोबर कोडी घालून झालीत, त्याची जादूची अंगठी बिल्बोच्या बोटात आहे, म्हणजे तो कुणाला दिसत नाही, आणि गॉलम बरोबर वाटेत बसलाय. बिल्बोची तलवार त्याच्या गळ्यापर्यंत गेलेली असते. एक घाव घातला की रस्ता मोकळा, बघायला कुणी नाही, विचारायला कुणी नाही. आणि तेवढ्यात गॉलम तोंड वळवतो, डोळे भरलेले, सगळं हरवलेल्या म्हाताऱ्यासारखं तोंड. बिल्बो थांबतो. मारत नाही, त्याच्या डोक्यावरून उडी टाकून पळतो. दुसरा कुठला पिक्चर असता तर तिथं ढोल वाजवून मुंडकं उडवलं असतं, आणि खरं सांगतो टाळ्या पण पडल्या असत्या. मला विचाराल तर तो हिरो होतो तो इथं, पुढं ऑर्क नावाच्या राक्षसावर झेप टाकतो ते नंतरचं.

बरं, बाहेर आल्यावर ड्वार्फ विचारतात, परत कशाला आलास? तर तो म्हणतो, मला घराची आठवण येते, माझी पुस्तकं, माझी खुर्ची, माझी बाग, आणि तुम्हाला घरच नाही, ते तुमच्याकडनं घेतलंय, म्हणून मी येतो. म्हणजे ज्या घरापायी पहिल्यापासून नाही नाही चाललेलं तेच आता त्याचं जायचं कारण. सासऱ्यांना तेवढी दोन मिनिटं परत दाखवा, मग काय म्हणतात कळवा.

प्रश्न (गंगावेश): तेरा जण डोक्यात बसंनात राव. सगळ्यांना दाढी.

उत्तर: तेराच्या तेरा कशाला बसवताय. थोरिन म्हणजे राजा, पांढऱ्या दाढीचा बालिन, कानटोपीवाला बोफुर, आडवा वाढलेला बॉम्बुर, आणि फिली-किली हे थोरिनचे भाचे. बाकीचे पंगतीला आलेत समजा.

प्रश्न (शिवाजी पेठ): भाऊ म्हणतो २०१२ ला काही थेटरात हा पिक्चर सिरियलसारखा दिसत होता म्हणे, आणि गँडाल्फ एवढा उंच कसा दाखवला ते पण सांगा.

उत्तर: भाऊ थापा मारत नाही. एरवी पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमनं, म्हणजे २४ चित्रांनी चालतो, हा ४८ फ्रेमनं शूट केला आणि काही थेटरात तसाच दाखवला. फ्रेम डबल झाल्या की हलणाऱ्या गोष्टींचा धूसरपणा जातो, सगळं लख्ख दिसतं, इतकं लख्ख की मेकअप आणि सेट पण उघडे पडतात, म्हणून ती सिरियल बघितल्यासारखी भावना. घरी टीव्हीवर बहुतेक २४ चीच कॉपी असते, काळजी नसावी.

उंचीचं असं की २००१ च्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये एकाला कॅमेऱ्याजवळ आणि दुसऱ्याला लांब बसवून बऱ्याच ठिकाणी काम भागवलेलं. इथं थ्रीडी आलं, थ्रीडीत खोली खरी दिसते, मग ती फसवणूक लगेच पकडली जाते. त्यामुळं गँडाल्फ झालेल्या इयान मॅकेलनना हिरव्या सेटवर एकटं बसवलं, समोर ड्वार्फ लोकांचे फोटो लावलेले स्टँड, जो बोलणार त्याचा दिवा पेटायचा. एवढा मोठा नाटकवाला माणूस, त्याला रडू आलं, त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितलंय. आणि थोरिन झालेला रिचर्ड आर्मिटेज प्रत्यक्षात सहा फुटांच्या वर आहे, घ्या आता.

प्रश्न (उचगाव): अंगठी बिल्बोनं चोरली का त्याला सापडली? आमच्यात पैज लागलीय.

उत्तर: पिक्चरमध्ये गॉलमची पडली, याला सापडली. पण सापडल्यावर मालक समोर उभा असताना खिशात ठेवून गप्प बसला, त्याला तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. गंमत पुस्तकात आहे. १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत कोड्यात गॉलम हरला तर तो स्वतःच अंगठी बक्षीस देणार असतो. पुढं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिताना ती अंगठी भलतीच भयानक वस्तू झाली, असली वस्तू कोण हसत हसत देईल, म्हणून लेखक टॉल्कीननी १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदललं, आणि आधीची गोष्ट म्हणजे बिल्बोनं मारलेली थाप होती असं ठरवून टाकलं. पैज बरोबरीत सोडवा.

प्रश्न (मंगळवार पेठ): असले पिक्चर आपल्याकडं का होत नाहीत हो?

उत्तर: भावा, आपल्या कोल्हापुरात खरी कॉर्नरला तो कॅमेऱ्याचा स्तंभ आहे त्यापुढनं कितीदा गाडी घेऊन गेलास? बाबूराव पेंटरांनी स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्यावर १९२० ची 'सैरंध्री' काढली, इथंच, आणि ती पण वर सांगितलेल्या त्याच विराटपर्वातली. १९२९ ला प्रभात कंपनी कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ ला पुण्याला गेली, त्याच्या आधी १९३२ ला 'माया मच्छिंद्र' काढला, बायकांच्या राज्यात अडकलेल्या गुरूला सोडवायला गोरखनाथ जातो ती गोष्ट. जादू, माया, प्रवास, सगळं आहे त्यात. तेव्हा होत नाहीत असं नको म्हणू, आता होत नाहीत म्हण. पैसा लागतो हे खरंच, पण एका पातळ पुस्तकाचे तीन पिक्चर करायला पण पैसाच लागला आणि त्यानं काय भलं झालं? दुसऱ्या भागातली टॉरिएल नावाची लढवय्यी आणि तिचं प्रेमप्रकरण पुस्तकात नाहीच, ऑर्कांचा सरदार ॲझॉग तर पुस्तकात आधीच मेलेला आहे, त्याला उठवून पाठलागाला लावलाय. पहिला भाग मला आवडतो तो त्याला घाई नाही म्हणून.

प्रश्न (कदमवाडी): मुलगा दुसरीत आहे. दाखवू का?

उत्तर: दाखवा, पण शेजारी बसून. सुरुवातीच्या लढाईच्या आठवणीत ॲझॉग एकाचं मुंडकं हातात धरतो, तिथं रिमोट तुमच्या हातात पाहिजे, आणि शेवटी लांडगे झाडाखाली येतात तिथं पोरगं मांडीत येऊन बसणार. पावणेतीन तासाच्या वर आहे, दोन दिवसांत बघा, ट्रोल, म्हणजे ते धिप्पाड राक्षस, दगड होतात तिथं थांबायला बरं पडतं. आणि ड्रॅगन या भागात नीट दिसतच नाही, नुसता आगीचा लोळ, पंजा आणि शेवटी एक डोळा, त्यामुळं ड्रॅगन कुठाय म्हणून तो तुमचं डोकं खाणार, दुसरा भाग आधीच काढून ठेवा.