'स्टार बॉडी' म्हणजे काय? गणितात आणि सिनेमाच्या अभ्यासात अर्थ एकच का?

नाही, साम्य नावापुरतंच.

गणितात स्टार बॉडी म्हणजे असा आकार, ज्याच्या आत निदान एक जागा अशी असते की तिथून त्यातला प्रत्येक बिंदू सरळ रेषेत दिसतो, रेषा मध्येच बाहेर पडत नाही. आमच्या सोलापुरात दारापुढच्या रांगोळीत पाच टोकांची चांदणी काढतात ना, तिच्या मध्यावर मुंगी बसवा. पाचही टोकं दिसतील. आता कडक भाकरीला मधोमध भोक पाडा. मुंगी कुठंही बसवा, भोकापलीकडचं काहीतरी दडणारच. भाकरी बाद! (शेंगाचटणीसोबत मात्र चालेल.) गणितज्ञ कर्ट माहलर यांनी 1946 मध्ये अशा आकारांत जाळीचे बिंदू (रांगोळीच्या ठिपक्यांसारखे नेमाने मांडलेले) कसे पडतात यावर काम केलं.

सिनेमाच्या अभ्यासात रोख स्टारच्या देहावर असतो. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू हिरोचं बॅनर लागलं की त्याचा दंड खऱ्या दंडाच्या दसपट दिसतो. पोस्टर, जाहिराती, मुलाखती मिळून घडलेलं हे शरीर. सिनेमाचे अभ्यासक रिचर्ड डायर यांनी 1979 मध्ये स्टार म्हणजे अशी घडवलेली प्रतिमाच, हे नीट मांडलं.

थिऑसॉफी या अध्यात्मपंथातला 'ॲस्ट्रल' (म्हणजे ताऱ्यांचा) देह तिसराच. सुरुवातीला तो आपल्याकडच्या लिंगशरीराशी, म्हणजे सूक्ष्म देहाशी, जोडला गेला.