उपग्रहाचं 'छायाचित्र' की 'प्रतिमा'? आणि त्यात 'विहंगम' कुठून आलं?

एका अनुवादक बाईंचा प्रश्न आहे. भूरूपांवरच्या एका इंग्रजी पुस्तकाचं त्या भाषांतर करताहेत. त्यात 'सॅटेलाइट इमेज' आणि 'एरियल फोटोग्राफ' हे शब्द पानोपानी येतात. त्यांनी दोन्हीकडे 'छायाचित्र' लिहिलं. संपादकांनी पहिल्या ठिकाणी 'उपग्रहप्रतिमा' केलं आणि दुसऱ्या ठिकाणी 'विहंगम छायाचित्र' सुचवलं. बाई लिहितात, "प्रतिमा म्हटलं की मला देव्हारा दिसतो. कोण बरोबर?"

माझ्या मते संपादक निम्मे बरोबर आहेत. 'प्रतिमा' ठेवा, 'विहंगम' काढा. आता कारणं.

'छायाचित्र' हा शब्द गमतीचा आहे. इंग्रजी शब्दाच्या पोटात प्रकाश आहे, आपण मात्र सावली उचलली. 'प्रकाशचित्र' हाही शब्द होता, पण रुळला तो छायाचित्रच. विमानातून काढलेल्या फोटोंच्या बाबतीत तर मला ही निवड फार शहाणपणाची वाटते, कारण वरून पाहताना उंची दिसते ती सावलीमुळेच. भर दुपारी वरून घेतलेल्या फोटोत टेकाड आणि सपाटी सारखीच. तेच शेत सूर्य कलल्यावर पाहा, जमिनीत बुजलेल्या जुन्या बांधाची हातभर उंचीसुद्धा लांबलचक सावली टाकते. ओ. जी. एस. क्रॉफर्ड या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी १९२०च्या दशकात इंग्लंडमधली प्राचीन शेतं आणि तटबंद्या हवाई छायाचित्रांवरून हुडकल्या, त्यात या तिरप्या उन्हाचा मोठा वाटा होता. तिथे 'छायाचित्र' हा शब्द अक्षरशः खरा आहे.

मग उपग्रहाकडून जे येतं त्यालाही छायाचित्र का म्हणू नये? कारण बहुतेक वेळा ते 'काढलेलं' नसतंच.

कॅमेऱ्यात झडप उघडते, मिटते, आणि समोरचं सगळं दृश्य त्या एका क्षणात बंद होतं. पृथ्वीची पाहणी करणाऱ्या बऱ्याच उपग्रहांत असं होत नाही. उपग्रह पुढे सरकत असतो आणि त्याच्या आडव्या संवेदकांची एक रांग खालची जमीन पट्टीपट्टीने मोजत जाते, अंगणात रुंद झाडू ढकलत जावं तशी. या पद्धतीचं तांत्रिक नावच 'पुशब्रूम' आहे. प्रत्येक ठिपक्यातून या तरंगलांबीचं किती प्रारण आलं, त्या तरंगलांबीचं किती, अशा आकड्यांची रास जमिनीवर येते. अमेरिकेच्या लँडसॅट ८ आणि ९ या उपग्रहांच्या बहुतेक पट्ट्यांत (पट्टा म्हणजे इथे तरंगलांबींचा एक गट) एक ठिपका म्हणजे ३० मीटर लांब-रुंद जमीन. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या दृश्य पट्ट्यांत तो १० मीटरचा. त्या आकड्यांना रंग देऊन जे तयार होतं ते आपण पाहतो.

याचा पुरावा घरबसल्या मिळतो. अशा एखाद्या प्रतिमेत उडतं विमान सापडलं तर ते जवळून बघा. एकाऐवजी तीन विमानं दिसतील: एक निळसर, एक हिरवट, एक तांबडं, एकमेकांपासून जराशी सरकलेली. निळा, हिरवा आणि तांबडा प्रकाश मोजणाऱ्या संवेदकांच्या रांगा त्या जागेवरून क्षणाक्षणाच्या फरकाने गेल्या आणि तेवढ्यात विमान पुढे सरकलं. खालची जमीन हलत नाही म्हणून तिचे तिन्ही रंग एकावर एक बसतात. छायाचित्रात एक विमान असतं, इथे मोजणीच्या तीन नोंदी आहेत. पहिल्यांदा मला ते दिसलं तेव्हा स्क्रीन खराब झाली असं वाटून मी फडक्याने पुसली होती.

आता 'प्रतिमा' शब्द उघडून पाहा. प्रति + मा. हा 'मा' म्हणजे मापणे, जो मात्रा, प्रमाण, परिमाण, अनुमान, उपमा या सगळ्यांत बसला आहे. कशाशी तरी ताडून, मापून घडवलेली ती प्रतिमा. देव्हाऱ्यातली मूर्ती प्रतिमा झाली तीही याच वाटेने. बाईंना देव्हारा दिसतो, मला टेप घेतलेला माणूस दिसतो. ज्या वस्तूचा जन्मच मोजणीतून झाला तिला याहून नेमका शब्द मिळणं कठीण. शिवाय तो वाचकाला परका नाही. शाळेच्या विज्ञानात आरशातली ती 'प्रतिमा', भिंगातून पडद्यावर पडते तीही 'वास्तव प्रतिमा'. तिथे कुणाला उदबत्तीचा वास येत नाही.

यावर एक आक्षेप येईल, तो रास्त आहे. हल्ली मोबाइलचा कॅमेराही आकडेच मोजतो, मग त्यालाही प्रतिमा म्हणायचं का? नाही. तिथे डोळ्याला जे दिसलं असतं तेच, एका दमात टिपायचा हेतू असतो, त्यामुळे जुना शब्द सुखाने चालतो. उपग्रहाचं तसं नाही. हिरवीगार जंगलं लालभडक दाखवणाऱ्या प्रतिमा तुम्ही पाहिल्या असतील. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारं जवळचं अवरक्त प्रारण भरपूर परावर्तित करतं. ते दिसावं म्हणून त्याला लाल रंग दिलेला असतो. तिला 'छायाचित्र' म्हणालात तर वाचक विचारणार, झाडं वाळली का?

रडारची तर कथाच निराळी. तिथे उपग्रह स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतो, रात्री आणि ढगांतूनसुद्धा. सूर्याचा, भिंगाचा संबंध नाही. 'रडार छायाचित्र' हे म्हणूनच मला ऐकवत नाही. पण भाषेची खोडी बघा: खरी काळीकुट्ट छाया मिळते ती रडारमध्येच. उन्हातल्या सावलीत आकाशाचा थोडा उजेड शिरतो. रडारच्या लहरी डोंगरामागे पोचल्याच नाहीत तर तिथून काहीच परत येत नाही, निव्वळ काळोख.

अंतराळातून आलेलं सगळंच प्रतिमा, असा सरसकट नियम मात्र करू नका. मॉरिटेनियाच्या वाळवंटात रिशात नावाची सुमारे ४० किलोमीटर रुंदीची वर्तुळाकार रचना आहे, झिजून उघड्या पडलेल्या खडकांच्या कड्यांची. १९६५मध्ये जेमिनी-४ या अमेरिकी यानातल्या अंतराळवीरांनी हातातल्या कॅमेऱ्याने, फिल्मवर तिचे फोटो काढले. ती छायाचित्रं. लँडसॅटने त्याच रचनेची जी नोंद केली ती प्रतिमा. अमेरिकेचे कोरोना हेरउपग्रह १९६० ते १९७२ या काळात चक्क फिल्म वापरत. रिळं भरली की कुपीत घालून खाली सोडायची आणि पॅराशूटने उतरणारी ती कुपी विमानाने हवेतच पकडायची. ही उपग्रहाची असून छायाचित्रंच. उलट नकाशाच्या अॅपमध्ये 'सॅटेलाइट' हे बटण दाबून खूप जवळ गेलात की मोठ्या शहरांत दिसतं ते पुष्कळदा विमानातून काढलेलं असतं. तिथे बटणावरचा शब्दच फसवा आहे.

समासाबद्दल दोन शब्द. 'उपग्रहाचं छायाचित्र' यातली षष्ठी दुतोंडी आहे: उपग्रहाने काढलेलं, की उपग्रहाचंच काढलेलं? त्यात चंद्रही उपग्रहच. म्हणून 'उपग्रहप्रतिमा' असं जोडून लिहा, किंवा 'उपग्रहाने टिपलेली प्रतिमा' म्हणा. 'टिपणे' हे क्रियापद मला इथे विशेष आवडतं. पक्षी दाणे टिपतो, एकेक करून. उपग्रहही ठिपका-ठिपका टिपतो. 'काढणे' आणि 'घेणे' विमानातल्या कॅमेऱ्यासाठी ठेवावं.

पक्ष्यावरून 'विहंगम'कडे येऊ. हे मुळात पक्ष्याचं नाव आहे. विह म्हणजे आकाश, त्यात जो जातो तो विहंग किंवा विहंगम, म्हणजे पक्षी. तुरंग-तुरंगम, भुजंग-भुजंगम ही त्याचीच भावंडं. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात 'विहंगममतें' आहे ते पक्ष्याच्या रीतीने, थेट फळावर झेप घेणाऱ्याच्या रीतीने, या अर्थाने. आपण 'विहंगम दृश्य' इतक्यांदा म्हटलं की पक्षी उडून गेला आणि मागे 'विस्तीर्ण नि सुंदर' एवढाच अर्थ राहिला. आता घाटाच्या कठड्यावर उभं राहूनही विहंगम दृश्य दिसतं. त्याला माझी हरकत नाही, शब्द असेच जगतात.

पण भूरूपांच्या पुस्तकात ते नको. पक्षी पुढे-खाली बघतो तसं तिरपं दृश्य 'विहंगम' म्हणताना आपल्या मनात असतं: जवळचं मोठं, लांबचं लहान, कधी क्षितिजही. मोजणीसाठीचं हवाई छायाचित्र सरळ खाली रोखलेलं असतं. त्याचा कल साधारण ३ अंशांपेक्षा जास्त चालत नाही. त्यात घर म्हणजे छप्पर आणि झाड म्हणजे हिरवा गोळा. विहंगम काहीच नाही. त्याला 'उभं छायाचित्र' म्हणतात तेही धोक्याचं, कारण आजचा वाचक उभा फोटो म्हणजे मोबाइल उभा धरून काढलेला समजतो. 'सरळ खालचं' आणि 'तिरपं' असं साधं लिहा.

खऱ्याखुऱ्या विहंगम छायाचित्रांचा मान एकाच माणसाला द्यावा लागेल. युलिउस नॉयब्रोनर या जर्मन औषधविक्रेत्याने १९०७मध्ये कबुतराच्या छातीला इवलासा कॅमेरा बांधला. त्यातल्या एका प्रसिद्ध छायाचित्रात वाड्याच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या कडांवर, पंखांची टोकं आली आहेत.

जाता जाता 'सिंहावलोकन'. विहंगावलोकनाच्या जागी ते दडपून देण्याची चाल आहे. सिंह वर उडत नाही, चालताना मागे वळून पाहतो. तुमच्या पुस्तकात अरल समुद्राच्या आटत गेलेल्या किनाऱ्याच्या प्रतिमा असतील, १९७०च्या दशकातली लँडसॅटची आणि अलीकडची शेजारी शेजारी, तर त्या पानाला 'सिंहावलोकन' असं शीर्षक खुशाल द्या.