'गंडलंय' म्हणजे नेमकं काय झालंय?

प्रश्न असा आहे: एखादं ॲप बंद पडलं की पाच मिनिटांत जो तो 'गंडलंय' म्हणायला लागतो. विज्ञानाच्या बातम्यांवर लोक जे विनोद करतात त्यांतही हाच शब्द. 'बिघडलं' असा सरळ शब्द असताना याची गरज काय? आणि तो चारचौघांत चालतो का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकतो. शिवी नाही. कानाला शिवीच्या शेजारची वाटते म्हणून काही मंडळी डोळे वटारतात, एवढंच. बोलीतला, सैल अंगाचा शब्द आहे. अर्जात लिहू नये, गप्पांत खुशाल वापरावा.

पहिला भाग मात्र खमंग आहे, कारण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बसतच नाहीत. पंखा बिघडतो, त्याचं काहीतरी झिजतं, जळतं किंवा तुटतं. पंखा गंडला असं कोणी म्हणत नाही. गंडतो तो हिशेब, बेत, अंदाज. सगळे भाग शाबूत, पण जुळणी चुकली, की ते गंडणं.

मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे नासाचं यान आठवा. यान ठणठणीत होतं. पण त्याला दिलेल्या छोट्या छोट्या धक्क्यांचा हिशेब जमिनीवरच्या एका प्रणालीने पाउंड-सेकंद या एककात काढला, आणि पुढच्यांनी तो न्यूटन-सेकंद या दुसऱ्याच एककात आहे असं समजून वाचला. सुमारे साडेचार पटींचा फरक! यान मंगळापासून जवळपास 57 किलोमीटर इतक्या खाली गेलं, आणि 23 सप्टेंबर 1999 ला संपर्क तुटला तो तुटलाच. यात बिघडलं काय? काहीच नाही. गंडलं मात्र रीतसर. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा गुण कापणाऱ्या मास्तरांच्या हाती मात्र आयतं कोलीत मिळालं.

19 जुलै 2024 चंही तेच. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने आपल्या सुरक्षा प्रणालीसाठी एक छोटी फाइल पाठवली आणि जगभरचे संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने विंडोजवर चालणारी 85 लाख यंत्रं. काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. नंतरच्या तपासात निघालं ते असं: एका ठिकाणी 21 रकाने धरलेले, प्रत्यक्ष माल 20 रकान्यांचा. प्रोग्रामने एकविसाव्या रकान्यात हात घातला आणि तोल गेला. एकाही यंत्राची तार जळाली नव्हती. त्या दिवशी 'तांत्रिक बिघाड' म्हणणाऱ्या बातम्यांपेक्षा 'गंडलंय' म्हणणारी जनता जास्त अचूक बोलत होती, असं माझं स्पष्ट मत आहे. (आणि 'बंद करून परत चालू करून बघ' या सल्ल्याची इतकी वर्षं थट्टा करणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टनेच गप्प केलं. क्लाउडवरच्या यंत्रांसाठी त्यांनी सांगितलं, पुन्हापुन्हा चालू करा, 15 वेळासुद्धा करावं लागेल.)

'झोपला' वेगळा. निकालाच्या दिवशी सर्व्हर झोपतो, कारण त्याच्या अंगावर झेपेना इतकी गर्दी पडते. त्यात चूक कोणाची नसते, ताकद कमी पडते. फाइल 'उडते', म्हणजे परत मिळायची आशा नाही. फोन 'हँग' होतो. आणि 'बोंबललं' यंत्राला नाही लागत, त्या यंत्राच्या भरवशावर केलेल्या बेताला लागतं: नेट गेलं आणि मीटिंग बोंबलली.

आता व्याकरण, कारण विनोद तिथेच दडलाय. 'गंडलंय' या एका शब्दात कर्ता नाही. कोणी गंडवलं ते सांगायची सोय नाही, आणि काय गंडलं तेही समोरच्याने ओळखायचं. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास गायब होते. असं झालं की माणूस काय करतो? आधी राउटरकडे संशयाने बघतो. विमान मोड चालू-बंद करतो. मग फोन बंद-चालू. शेवटी दुसऱ्या कुठल्या तरी ठिकाणी जाऊन विचारतो, 'तुमच्याकडेही गंडलंय का?' आणि 'हो' असं उत्तर आलं की जीव भांड्यात पडतो. सेवा बंदच असते, तरी. त्या दिवशी सगळे ट्विटरवर जाऊन धडकले, तर ट्विटरने आपल्या खात्यावरून 'अक्षरशः सगळ्यांनाच नमस्कार' अशा अर्थाचं लिहून टाकलं. 'बिघडलंय का?' असं विचारलं असतं तर उत्तरादाखल दुरुस्तीचा सल्ला आला असता. 'गंडलंय का?' ला फक्त सोबत मिळते.

काटेकोर वाचक विचारतील की तारच सैल असली तर? तसंही झालंय. 2011 च्या सप्टेंबरात ऑपेरा या प्रयोगातल्या शास्त्रज्ञांनी सांगितलं, सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेपासून सुमारे 730 किलोमीटरवरच्या, इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद आधी पोचताहेत. प्रकाशाच्या पुढे पळालं की कारणाआधी परिणाम दिसू शकतो, म्हणून लगेच विनोद सुरू: आधी उत्तर, मग प्रश्न, आधी हशा, मग चुटका. पुढे 2012 मध्ये निघालं की प्रकाशीय तंतूची एक जोडणी नीट बसलेली नव्हती. माझ्या हिशेबाने इथे जोडणी सैल होती, आणि गंडली ती वेळेची मोजणी. न्यूट्रिनो बिचारे होते त्याच वेगाने जात होते.

राहता राहिला सगळ्यात ताजा वापर, आणि त्यात हा शब्द आपल्या जुन्या अर्थाकडे परत गेलेला दिसतो. 'गंडवणे' म्हणजे फसवणे, 'मी गंडलो' म्हणजे मी फसलो. यंत्रांच्या बाबतीत हा अर्थ पुसट झाला होता, कारण सर्व्हरला कोण फसवणार? पण मे 2024 मध्ये गूगलच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने दिलेल्या सारांशात असा सल्ला आला की पिझ्झ्यावरून चीज घसरत असेल तर सॉसमध्ये थोडा बिनविषारी डिंक मिसळा. त्याचं मूळ निघालं कोणीतरी अनेक वर्षांपूर्वी रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर केलेल्या एका चेष्टेत. म्हणजे यंत्र अगदी शब्दशः गंडलं: चेष्टा केली कोणी, खरी मानली यंत्राने. अशा वेळी लोक 'एआयने मला गंडवलं' म्हणतात, ते मला पटत नाही. गंडवायला नियत लागते. 'एआय गंडलं आणि त्याच्या नादाने मीही गंडलो' हे लांबलचक झालं खरं, पण व्याकरणाने आणि वस्तुस्थितीने तेच बरोबर.