कोयरीभोवतीची फट

प्रश्न : आमचं जुनं घर गेल्या वर्षी उतरवलं. माळ्याच्या सागवानी फळ्या मी ठेवून घेतल्या. सुतारकाम हौसेनं शिकले आहे. या फळ्यांची पेटी करून भाचीला माघातल्या लग्नात द्यायची, झाकणावर वेगळ्या रंगाच्या लाकडाची कोयरी जडवायची आणि तिचा देठ पिवळ्या तेलरंगानं काढायचा असं मनात आहे. सरावासाठी एका तुकड्यावर फणसाची कोयरी बसवली. भोवती फट राहिली, ती भुसा आणि फेविकॉल कालवून भरली. पावसाळ्यात कोयरीचं टोक वर आलं आणि भरलेली फट काळपट दिसू लागली. फोटो सोबत आहे. काय चुकलं?
– एक वाचक, संगमेश्वर तालुका

उत्तर : ताई, फोटो भिंगाखाली धरून पाहिला. कोयरीची वळणं तुम्ही सुरेख कापली आहेत, तेव्हा हाताची काळजी करू नका. फळीचे रेषे डावीकडून उजवीकडे जातात आणि कोयरीचे खालून वर. टोक उचललं ते त्यामुळे.

लाकूड पावसाळ्यात फुगतं ते रुंदीत. लांबीत ते जवळपास हलतच नाही. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी फुगतं, पण फुगतं. माझ्याकडे 18 इंच रुंदीची एक फळी भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. तिच्या मे महिन्यातल्या आणि ऑगस्टमधल्या मापात अडीच मिलिमीटरचा फरक पडतो. आता त्या फळीत आडव्या रेषांचा तुकडा चिकटवलात, तर फळी एका दिशेला ताणते आणि तुकडा दुसऱ्या. कुठेतरी सुटणारच. विशीत असताना मी एका पेटीच्या झाकणाला चारी बाजूंनी शिसवीची पट्टी जडवली होती. लांबीच्या पट्ट्या राहिल्या, आडव्या दोन्ही श्रावणात उखडल्या. पेटी गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेली होती. ती परत आणून, पट्ट्या काढून, खाचा बुजवताना वडील शेजारी बसून होते. एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून जडावाचा तुकडा कापण्याआधी त्यावर पेन्सिलीनं रेषांच्या दिशेचा बाण काढतो. तुम्हीही काढा. कोयरी कितीही वळली तरी तिचे रेषे फळीच्या रेषांबरोबरच धावले पाहिजेत.

आता फट. तुम्ही बहुधा कागदावरची एकच आकृती दोन्हीकडे उतरवली, फळीवर आणि फणसाच्या तुकड्यावर. मग दोन्ही वेगवेगळे कापले. असं केलं की दोन्हीकडच्या चुका एकत्र होतात. आधी फक्त कोयरी कापा, 3 मिलिमीटर जाडीच्या तुकड्यातून. सोनार वापरतात ती बारीक करवत घ्या, पात्याचे दात खाली तोंड करून लावा आणि टेबलाच्या कडेला इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडलेली फळी बांधून तिच्यावर तुकडा धरा. करवत जागच्या जागी वरखाली चालू द्या, वळण घेताना तुकडा फिरवा. मग बारीक कानशीनं कडा साफ करा आणि खालची कड किंचित आत घ्या, म्हणजे तुकडा तळाशी केसभर अरुंद होईल.

कोयरी आकृतीबरहुकूम आली नाही तरी बिघडत नाही. जशी झाली तशी ती झाकणावर ठेवा, दुतोंडी टेपनं घट्ट धरा आणि अणकुचीदार चाकूनं तिच्या कडेकडेनं रेघ ओढा. पहिली रेघ अगदी हलकी. सागवानात चाकू रेषांच्या मागे पळतो, म्हणून पहिल्याच फटक्यात जोर लावू नका. तीन-चार वेळा फिरवा. तुकडा उचलून त्या रेघेत खडूची पूड चोळलीत की ती डोळ्याला दिसते. आता 3 मिलिमीटरच्या पटाशीनं मधून बाहेर कोरत या, रेघेपासून अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबा आणि शेवटची कड पटाशी उभी धरून, रेघेत टेकवून, हातानंच दाबा. मोगरी लागत नाही. खोली अडीच मिलिमीटर ठेवा, म्हणजे कोयरी अर्धा मिलिमीटर वर राहील. तळ सपाट करायला लाकडी ठोकळ्याला भोक पाडून त्यातून पाव इंची पटाशी अडीच मिलिमीटर बाहेर येईल अशी पाचरीनं ठोकून बसवा आणि ठोकळा झाकणावरून सरकवा. वडिलांनी मला हेच अवजार करून दिलं होतं, आजही तेच वापरतो.

बसते की नाही हे पाहताना कोयरी पूर्ण दाबू नका, अडकली तर निघणार नाही. सागवान तेलकट असतं, म्हणून चिकटवण्याआधी खाच थिनरच्या फडक्यानं पुसा आणि वाळली की लगेच फेविकॉलचा पातळ हात द्या. वर वर्तमानपत्र, त्यावर सपाट फळी, मग शिकंजा. दुसऱ्या दिवशी तासायची घाई करू नका. त्या ओलाव्यानं खाचेची कड आणि तुकडा दोन्ही फुगलेले असतात. आजच सपाट केलंत तर सुकल्यावर कोयरी खाली बसेल. तीन दिवस द्या.

लाकडाबद्दल. फणस नवा असताना हळदीसारखा पिवळा दिसतो, पण उजेडानं तपकिरी होत जातो. जुन्या सागवानात तो काही वर्षांनी हरवेल. तुमच्या फळ्या काळपट सोनेरी आहेत. कोयरी शिसवीची करा आणि आतले ठिपके शिवण या फिकट लाकडाचे. शिसव विकत घ्यायची गरज नाही, जुन्या पलंगाचा मोडका खूर कुणाकडेही पडलेला असतो.

मात्र शिसव आणि शिवण शेजारी आली की पॉलिश करताना जपा. शिसवीचा रंग पॉलिशमधल्या स्पिरिटमध्ये उतरतो आणि फडक्याबरोबर शिवणीवर ओघळतो. पॉलिश पेपर घासलात तर शिसवीची काळी भुकटी शिवणीच्या छिद्रांत जाऊन बसते. म्हणून पेपर नको. काचेच्या ताज्या कडेनं किंवा पोलादी खरवडीनं खरवडा. मग फिकट चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, पातळ हात बारीक कुंचल्यानं फक्त ठिपक्यांवर द्या, वाळू द्या, त्यानंतर सगळ्या झाकणावर.

कोयरीचा देठ तुम्ही पिवळ्या तेलरंगानं काढायचं म्हणता. तो पितळेचा करा. उत्तर प्रदेशातल्या मैनपुरीचे कारागीर शिसमावर तारकशी करतात. पितळेच्या पत्र्याची चपटी पट्टी कापतात, नक्षीच्या चिरेत तिला उभी ठोकतात आणि लाकूडच तिला आवळून धरतं. एका देठापुरतं तुम्हाला सहज जमेल. चिरेपेक्षा पट्टी अगदी किंचित जाड हवी. आधी टाकाऊ तुकड्यावर पाहा.

झाकणाखाली आडव्या पट्ट्या लावाल त्या चिकटवू नका. मधला स्क्रू घट्ट, कडेचे स्क्रू लांबट भोकांतून, म्हणजे झाकणाला फुगायला वाव राहतो. तळाची फळीही खाचेत मोकळी सोडा. स्क्रू आणि बिजागऱ्या पितळेच्याच घ्या, लोखंडाला ओल लागली की सागवानावर काळे डाग पडतात. आणि रंधा लावण्याआधी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवा. माळ्याच्या फळ्यांत मोडलेले खिळे असतात, एकानं रंध्याच्या पात्याचं वाटोळं होतं.

भाचीचं लग्न माघात आहे असं तुम्ही लिहिलंय. फळ्या आत्ताच घरात आणा, मध्ये पट्ट्या घालून रचा आणि दिवाळीनंतर मापं घ्या. नवी कोयरी झाली की तिचा फोटो मागच्या बाजूचाही पाठवा, कड आत कितपत घेतली आहे ते पाहून सांगतो.