आजी बोलली की टीव्हीचा आवाज वाढतो

“ही फोटोत यायला तयार नसते, कार्यक्रमात मागे लपते. हिचा आत्मविश्वास वाढवा,” असं म्हणत एक आई 14 वर्षांच्या लेकीला माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ही मागणी मला नेहमीच खटकते. जणू बिघाड पोरीतच आहे! तिच्याशी एकटीशी बोलले तेव्हा ती म्हणाली, “बाहेर कुणी आम्हाला हिणवलं तर बाबा मोर्चा काढतात. आजी मला काळुंद्री म्हणते तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवतात.”

पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसलेलं, त्याविरुद्ध लढलेलं हे घर. मग आपल्याच माणसांत रंगावरून हे हिणवणं कुठून येतं? पुढच्या वेळी आजींना बोलावलं. त्या आधी फणकारल्या, मग सांगू लागल्या. त्यांची बहीण उजळ. मालकिणीने तिला घरकामाला आत घेतलं, यांना उन्हात राबायला ठेवलं. “रंगाने काय मिळतं ते मी बघितलंय, बाई. नातीचं भलंच बघते मी.”

त्यांचं निरीक्षण खोटं नव्हतं. अमेरिकेतल्या गुलामगिरीतही उजळ रंगाच्या गुलामांना, ज्यांतले कितीतरी मालकांचीच मुलं असत, घरातली कामं तुलनेने जास्त मिळत. सत्ता ज्यांच्या हाती, त्यांच्या रंगाच्या जितकं जवळ तितकी सवलत. सवलत देणारा निघून गेला तरी मोजमाप मागे उरतं, आणि ते घरातलीच माणसं वापरू लागतात. 1940च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ जोडप्याने लहानग्या कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेकांनी गोरी बाहुली ‘छान’ ठरवली. शाळांमधला वंशभेद बेकायदा ठरवणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या 1954च्या निकालात या कामाचा संदर्भ आहे.

आजींना दोषी ठरवून काही साधणार नव्हतं. पण त्यांची भीती समजली म्हणून नातीला टोचायची मुभा त्यांना मिळत नाही. माझ्या मते खरी गाठ वडिलांपाशी होती. “आई जुन्या वळणाची आहे हो,” ते म्हणाले. मी विचारलं, ‘काळुंद्री’ असं तिला शेजाऱ्याने म्हटलं असतं तर? बराच वेळ गप्प बसले.

ठरलं ते साधंच होतं. आजी बोलल्या की वडिलांनी तिथल्या तिथे, मुलीच्या देखत, “आई, हे या घरात चालणार नाही” म्हणायचं. ‘काळी असली तरी नाकीडोळी छान’ हेही बंद. त्यातला ‘तरी’ मुलींना बरोबर ऐकू जातो. मुलगी चोरून एक क्रीम लावत होती, त्यात स्टिरॉइड निघालं. अशा क्रीमने त्वचा पातळ होते आणि एकदम सोडलं तर चेहरा भडकू शकतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

आजींचं बोलणं थांबलेलं नाही, पण कमी झालंय. वडील दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बोलले. शाळेतल्या चिडवण्याचं मात्र अजून बाकी आहे. वर्गशिक्षिकेला भेटायला या वेळी आईबरोबर तेही जाणार आहेत.