निवृत्तीचा पैसा गावाकडच्या घरात घालावा का?

प्रश्न : मी मार्चमध्ये साठाव्या वर्षी निवृत्त होतोय. कोथरूडला स्वतःचा फ्लॅट आहे. फंड, ग्रॅच्युइटी मिळून ६५ लाख येतील. वेल्हे भागात ५ गुंठे आणि त्यावर बांधलेलं घर ४० लाखांत मिळतंय. एजंट म्हणतो, पाच वर्षांत दुप्पट होईल, शिवाय होमस्टेचं भाडं. घ्यावं का?

उत्तर : राहायची हौस असेल तर कागद बघून ठरवा. गुंतवणूक म्हणाल तर नको.

आधी हिशेब. यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले आणि व्याज ८.२ टक्के धरलं, तर दर तिमाहीला ६१,५०० रुपये हातात येतात (त्यावर कर लागतो). घर उलट तुमच्याकडूनच मागतं. राखणदाराला महिना सहा हजार धरले तरी वर्षाला ७२ हजार झाले. वेल्ह्या-मुळशीच्या पावसात बंद घराच्या पश्चिमेकडच्या भिंती ओल धरतात, चौकटींना वाळवी लागते, माकडं कौलं फोडतात. होमस्टेची गर्दी शनिवार-रविवारची. चादरी, स्वयंपाक, साफसफाई सांभाळणारं माणूस गावात मिळालं तरच भाडं सुटतं. आणि आजारपणात पैसे लागले तर असं घर आठवड्याभरात विकलं जात नाही. ४० लाख दिल्यावर उरणाऱ्या २५ लाखांवर दोघांचं म्हातारपण काढायचंय, हे आधी लक्षात घ्या.

आता कागद. खरी फसगत इथेच होते. सातबारा बघा: जमीन शेतीची असेल तर ती घ्यायला तुम्ही स्वतः शेतकरी असावं लागतं. ५ गुंठ्यांचा स्वतंत्र सातबारा आहे की एकाच उताऱ्यावर वीस नावं आहेत? सामाईक उताऱ्यात तुमचा तुकडा नेमका कुठला, हे कागदावर ठरलेलंच नसतं. त्यात तुकडेबंदी, म्हणजे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकायला कायद्याची मनाई. अलीकडे काही जमिनींना सूट मिळाली आहे, पण ही जमीन त्यात बसते का, हे एजंटकडून नव्हे, तहसील कार्यालयातून लेखी घ्या. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (सरकारने अटी घालून दिलेली जमीन) असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. बिनशेतीचा आदेश, बांधकाम परवानगी, मोजणीची ‘क’ प्रत (हद्दी दाखवणारा सरकारी नकाशा) आणि वकिलाचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (आधीचे व्यवहार आणि बोजे तपासल्याचा अहवाल) हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नाव आहे म्हणजे मालकी झाली, असं सर्रास सांगतात. तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. नोटरीच्या कागदावरची ‘खरेदी’ तर बघूच नका.

एवढं करूनही ओढ सुटत नसेल, तर त्याच गावात वर्षभर भाड्याने राहा. पूर्ण पावसाळा त्यात यायला हवा. रात्री छातीत दुखलं तर पुण्याच्या दवाखान्यापर्यंत किती वेळ लागतो, हेही तेव्हाच कळेल.

प्रश्न : जुन्नरजवळ वडिलोपार्जित घर आहे. माझ्या पैशाने दुरुस्त करून तिथे राहायचा विचार आहे. दोन भाऊ, एक बहीण आहे.

उत्तर : नवं घेण्यापेक्षा हे बरं, पण गवंडी बोलवायच्या आधी वारस नोंद करून घ्या. बहिणीला वगळू नका. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत तिचा हक्क भावांइतकाच आहे. तिघं खुशीने हिस्सा सोडत असतील तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. साध्या कागदावरच्या सहीला किंमत नाही. गावठाणात ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकेवर (घर-जागेच्या मालकीच्या उताऱ्यावर) कुणाची नावं लागली आहेत तेही बघा. कुणी सही द्यायला तयार नसेल, तर छपराची गळती थांबवण्यापुरताच खर्च करा.