डार्क विषयांवरच्या सिम्युलेशन गेममधली नैतिक निवड खरी असते, की नुसता देखावा? भूमिका बदलल्याने काही फरक पडतो का?

निवड जर त्या भूमिकेच्या पोटापाण्याशी बांधलेली असेल, तरच ती बोचते. पडद्यावर चांगुलपणाचे गुण दिसायला लागले की आपण फक्त गुण गोळा करतो.

लुकास पोप यांचा 'पेपर्स, प्लीज' (२०१३) घ्या. साल १९८२, काल्पनिक देशाची सीमा, तुम्ही कागदपत्रं तपासणारे अधिकारी. जितकी माणसं तपासाल तितके पैसे, त्यातूनच घरभाडं, जेवण, आजाऱ्याचं औषध. एक जण येतो, कागद चोख. जाताना सांगतो, मागून माझी बायको येतेय, तिला सांभाळून घ्या. तिच्याकडे प्रवेश परवाना नाही, आणि परत गेले तर जीव जाईल म्हणते. खरी मेख पुढेच आहे: दिवसातल्या पहिल्या दोन चुकांवर नुसती ताकीद मिळते, तिसरीपासून पैसे कापतात. म्हणजे सकाळी घाईघाईत दोन पासपोर्ट चुकीचे सोडले असतील, तर आता या बाईवर केलेली दया तुमच्या मुलाच्या ताटातून वजा होते. तिथे कुणी प्रवचन देत नाही, आणि म्हणूनच ते इतकं लागतं.

भूमिकांचं म्हणाल तर फरक पडतो, नक्कीच. 'धिस वॉर ऑफ माइन' (२०१४) मध्ये तुम्ही सैनिक नाही, वेढ्यात अडकलेले सामान्य लोक आहात. नव्वदच्या दशकात बोस्नियातल्या सारायेव्हो शहराला पडलेल्या वेढ्यावरून हा गेम सुचलेला. त्यातल्या पात्रांपैकी मार्को जास्त सामान वाहून आणतो, रोमानला लढाईचं शिक्षण आहे. रात्री बाहेर कोणाला धाडता, यावर काय करायचा मोह होईल ते ठरतं. एका घरात म्हातारं जोडपं राहतं. त्यांच्याकडे अन्न आहे, औषधं आहेत, आणि ते प्रतिकार करत नाहीत. चोरी करून परतलात की तुमचीच माणसं खचायला लागतात.

'धिस वॉर ऑफ माइन' बनवणाऱ्या वॉर्साच्या कंपनीचाच 'फ्रॉस्टपंक' (२०१८) तुम्हाला गोठलेल्या जगातल्या एका शहराच्या राज्यकर्त्याच्या खुर्चीत बसवतो. मुलांना कामाला लावायचा कायदा तिथे एका क्लिकवर मंजूर होतो, कारण तुम्हाला चेहरे दिसत नाहीत, कोळशाचा साठा दिसतो. मला हा तिन्हींत जास्त भयंकर वाटतो.

सुरुवात 'पेपर्स, प्लीज'पासून करा, आणि पहिल्या खेपेला तरी मागचा दिवस पुन्हा उघडून निर्णय फिरवू नका.